बरे आहेत, असं सांगत आले

शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ मे २०२५

चि. साक्षी हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी तुला अहो-जाहो करते, पण कागदावर ते जमेना. आवाजावरून तू माझ्या लेकीपेक्षा, अनुजापेक्षा लहानच वाटतेस, तेव्हा अगं-तुगं केलं म्हणून राग धरू नकोस. मी ठीक आहे. दिवसभर मशीनवर बसते. सध्या पेठेतल्या एका फुटबॉल संघाच्या जर्सीवर नंबर शिवून द्यायचं काम आलंय. पोरं रोज येऊन डोकं खातात, काकू झालं का, काकू झालं का. त्यांना वाटतं मशीन आपोआप चालतं. ऊन मात्र यंदा फार आहे. तुला त्या उन्हातनं दवाखान्यात जावं लागत असेल, डोक्याला काहीतरी बांधत जा.

तुमच्या मेळाव्याचं कार्ड मिळालं. हृदयात जाळी बसवून वर्ष झालेल्या सगळ्या पेशंटांना बोलावून शाल-श्रीफळ देणार, ही कल्पना चांगली आहे. खाली तू पेनानं लिहिलंयस, "काकू, काकांना नक्की घेऊन या. आमच्या मॅडमना त्यांना भेटायचंय." ते वाचून मी कार्ड देवाजवळ ठेवलं. मग तिथनं उचलून कपाटात ठेवलं.

आम्हाला यायला जमणार नाही. आधी वाटलं, माझे गुडघे दुखतात असं कळवावं. मग वाटलं, अनुजाकडं हातकणंगल्याला जायचंय म्हणून सांगावं. गुडघे दुखतातच, आणि अनुजाही बोलावतेय. पण न येण्याचं कारण ते नाही.

मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस की नव्या पेशंटांना समजावताना तू आमच्या ह्यांचं उदाहरण देतेस. शिवाजी पेठेतले जोतीराम काका बघा, रोज रंकाळ्याला फेरी मारतात, तंबाखू सोडली, मटणाचा रस्सासुद्धा नुसता चाखून बाजूला ठेवतात. मला आधी हसू आलं. चाळीस वर्षं संसार केला, पण ह्या माणसाचं उदाहरण कुणी कुणाला दिलेलं मी ऐकलं नव्हतं. तरुणपणी ते पेठेच्या संघाचे गोलकीपर होते आणि पुढं शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर. रागीट, हट्टी आणि जिभेचे चोचले फार. तंबाखूची चंची उशाशी ठेवून झोपणारे. त्यांना तुम्ही शहाणा पेशंट केलंत.

तुम्ही नाही, मीच केलं. रंकाळ्याची फेरी मी सांगितली, तंबाखू मी सोडायला लावली.

साक्षी, ते गेल्या वर्षी आखाडातच वारले.

आता हे लिहिलं आहे, तर सगळं नीट सांगते. तू डोकं धरून बसू नकोस, शेवटपर्यंत वाच.

गेल्या मे महिन्यात तुमच्याकडं त्यांना जाळी बसली. तुमच्या दवाखान्याला मी नावं ठेवणार नाही. मरणाच्या दारातनं माणूस परत आणलात, तो दोन महिने आमच्यात राहिला. घरी सोडायच्या दिवशी फार गर्दी होती. एक तरुण डॉक्टर वॉर्डच्या दारात उभा राहूनच आम्हाला सांगत होता, मागनं दुसरे लोक त्याला हाका मारत होते. "मटण बंद, तंबाखू बंद, ह्या गोळ्या चालू," असं तो एका दमात म्हणाला आणि गेला. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. घरी येईतोवर आमच्या डोक्यात एकच पक्कं बसलं होतं, की ह्या गोळीवर मटण चालत नाही.

तू कुठली, मला माहीत नाही. आमच्याकडं हे लहानपणापासून मनात असतं. काविळीचं औषध चालू असलं तर मटण नाही, गावठी औषध असलं तर मटण नाही, दोन्ही एकदम पोटात गेलं की बाधतं. त्यात कुणाला शंका येत नाही.

जूनमध्ये तुमच्या मॅडमच्या अभ्यासासाठी म्हणून तुझा पहिला फोन आला तेव्हा ते स्वतः बोलले होते. तू विचारलंस, गोळ्या रोज घेता का? "रोज म्हंजे रोज! हितं आमची हेडमास्तरीण बसलीया न्हवं," म्हणाले. खोटं बोलले नाहीत ते. तोवर घरात मटण शिजलंच नव्हतं.

मग आखाड लागला. पेठेत आखाड जोरात असतो. टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी घालायचा गल्लीचा वार ठरला, वाद्यं वाजली, आणि त्या दिवशी घराघरात मटण. मी त्यांच्यासाठी वांगं केलं होतं. ताटाकडं बघून त्यांनी तोंड केलं. "शालू, वर्षाचा सण हाय. आज वाईच खातो की."

"आन् औषध?"

"मग आजच्या दिस गोळी ऱ्हाऊदे. दोनी एकदम पोटात गेलं तर बाधंल की गं."

मला ते पटलं. गोळ्यांची पाकिटं मीच उचलून फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी कळंब्याला त्यांच्या बहिणीकडं आखाडाचं जेवण होतं. तिथं गेलो, तेव्हा गोळ्या नेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी बहिणीनं बांधून दिलेला रस्सा घरात होता. म्हणाले, उद्यापासून चालू करतो, पुढं श्रावण हायच. रस्सा खाल्ला, हात धुतले आणि छातीवर हात ठेवून तिथंच मोरीजवळ बसले. गल्लीतल्या पोरांनी उचलून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. तुमच्यापर्यंत पोचलोच नाही आम्ही. म्हणून तुला कुणी कळवलं नाही.

सगळे म्हणाले, दुसरा अटॅक आला, नशिबात तेवढंच होतं. मीही तेच म्हणत होते.

ऑगस्टमध्ये त्यांचा फोन वाजला. मी तो चार्जिंगला लावत होते, का ते विचारू नकोस. तोवर घरात येणारं माणूस आवाज खाली घेऊन बोलायचं. त्यांचं नाव घ्यायचं झालं तर इकडं तिकडं बघायचं. आणि तू एकदम मोकळ्या आवाजात विचारलंस, "काकू, जोतीराम काका कसे आहेत?"

मी म्हटलं, बरे आहेत. बाहेर गेलेत.

मला तसं बोलायचं नव्हतं गं. पण एकदा ते तोंडातनं गेलं आणि तू पुढचे प्रश्न विचारत गेलीस. चालतात का, जिना चढताना दम लागतो का, तंबाखू कितपत आहे. मी सांगत गेले. सांगताना ते मला दिसत होते, रंकाळ्यावर पांढरी टोपी घालून चालताना. फोन ठेवला आणि मला किती दिवसांनी भूक लागली. मी भाकरी थापली आणि पोटभर जेवले. त्या जेवणाची मला आज लाज वाटते, पण जेवले हे खरं.

त्यानंतर मी तुझ्या फोनची वाट बघायला लागले. थंडी पडली तेव्हा मनाशी ठरवलं, ह्या वेळी तिला सांगीन, जरा सर्दी झालीय त्यांना. संघ हरला त्या दिवशी मनात म्हटलं, आज जेवले नाहीत असं सांगीन. अनुजाला यातलं काही माहीत नाही. तिला कळलं तर ती मला उचलून हातकणंगल्याला नेईल आणि परत येऊ देणार नाही.

नोव्हेंबरात तुझा फोन आला. सगळं विचारून झालं आणि तू म्हणालीस, "काकू, एक सांगते. रक्त पातळ व्हायची गोळी पहिल्या वर्षात एक दिवससुद्धा चुकवू देऊ नका. चुकली तर जाळीत रक्त गोठतं आणि पुन्हा अटॅक येतो."

मी विचारलं, एक-दोन दिवसांनी काय होतंय?

तू म्हणालीस, "दोन-तीन दिवसांतही होतं काकू. आणि गोळीचा आणि जेवणाचा काही संबंध नाही. काही खाल्लं तरी गोळी घ्यायचीच. काका चुकवत नाहीत ना?"

"न्हाय, अजिबात न्हाय," मी म्हटलं.

तुझा आवाज नेहमीसारखाच गोड होता. तू फोन ठेवलास. माझं मशीन चालू करायचं राहिलं ते त्या दिवशी राहिलंच. तोवर मी देवाला दोष देत होते. त्या दिवसानंतर कुणाला द्यायचा ते कळेना. त्यांना द्यावा तर ते गेले. त्या डॉक्टरला द्यावा तर तो बिचारा दहा माणसांच्या हाका ऐकत उभा. उरले मी, फळीवर पाकिटं ठेवणारी.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुझा फोन बंद झाला असता. एवढंच कारण आहे. याहून बरं कारण मी सहा महिने शोधतेय, सापडत नाही.

आणि मग परवाचा बुधवार. आमच्या शेजारी हंबीरराव राहतात, ह्यांचे संघातले जोडीदार, लहानपणापासूनचे. त्यांनाही एप्रिलमध्ये तुमच्याकडंच जाळी बसली. मी त्यांच्याकडं सुरी मागायला गेले होते. हंबीरराव ताटावर बसलेले, पुढं मटणाची वाटी. त्यांची बायको तानाबाई मला कौतुकानं म्हणाली, "आज सकाळची गोळी मुद्दाम ठेवलीया बघा. मटण हाय न्हवं. उद्या घेतील."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी ओरडले एवढं खरं, कारण गल्लीतली माणसं दारात आली. "भावजी, आधी गोळी घ्या! मटण खावा न्हायतर टाका, पर गोळी आधी!"

"अवो पर वैनी, औषधावर मटण..."

"मटण ऱ्हाऊद्या तिकडं! तुमचा दोस्त गोळी ठेवली म्हणून गेला!"

तानाबाईनं धावत जाऊन गोळी आणली. हंबीररावांनी ती माझ्यासमोर गिळली. मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले. ते आमच्या ह्यांना खांदा दिलेले. हळूच म्हणाले, "हे तुमास्नी कवा कळलं, वैनी?"

मी सुरी न घेताच घरी आले.

साक्षी, मी नोव्हेंबरात तोंड उघडलं असतं, तर एप्रिलमध्ये तुमच्या वॉर्डात हंबीररावांना कुणीतरी हे नीट सांगितलं असतं. तुम्ही लोक तेवढ्यासाठीच फोन करता, हे मला कळतं. कोण जगलं, कोण गेलं आणि का गेलं, ते बघून पुढच्या माणसाला नीट सांभाळायचं. आणि तुमच्या अभ्यासात आमचं माणूस वर्षभर रंकाळ्याला फेऱ्या मारतंय. त्याच्याकडं बघून तुम्हाला वाटलं, दारात उभं राहून सांगितलं तेवढं पुरलं. पुरलं नाही गं.

म्हणून मॅडमना एवढं सांग. तुम्ही 'रोज घेता का' असं विचारता. आमच्यात रोज म्हणजे मटणाचा दिवस सोडून रोज. तेव्हा 'मटणाच्या दिवशी घेता का' असं विचारा. उपासाच्या दिवशी घेता का, असंही विचारा. बायका निर्जळी उपास धरतात आणि गोळी ठेवून देतात, विचारलं तर त्याही रोज घेतो म्हणूनच सांगतील. आणि घरी सोडताना माणसाला खाली बसवा, त्याच्या बायकोलाही बसवा आणि हे एवढं तरी सांगा. मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी त्यांच्या हातात मटणाची वाटी दिली असती आणि गोळीही दिली असती.

मेळाव्यातनं त्यांचं नाव काढ. शाल दुसऱ्या कुणाला द्या. पण अभ्यासातनं त्यांना काढू नकोस. वारले असं लिही, आखाडात वारले असं लिही, गोळी का चुकली तेही लिही. खोटं जिवंत ठेवून मी त्यांचं काही भलं केलं नाही. खरं मेलेले असतील, तर निदान हंबीररावांसारख्या कुणाच्या तरी कामाला येतील.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. दोनदा नंबर लावला आणि कापला. तू आधी विचारणार, काका कसे आहेत, आणि माझ्या तोंडून परत तेच येणार, याची मला खात्री आहे.

तुला राग आला असेल. तुझ्या कामात मी खोटं घातलं, तुला मॅडमची बोलणीही बसतील. त्याची माफी मागते. पण तू विचारायचीस त्या वेळेपुरते ते खरोखर बरे असायचे, हेही तुला सांगावंसं वाटलं. त्याबद्दल तुझे उपकार आहेत.

ते गेल्यापासून कागदावर स्वतःच्या नावाआधी 'सौ.'च्या जागी 'श्रीमती' असं मी लिहिलं नव्हतं. बँकेत, रेशनला, सगळीकडं अनुजानं लिहिलं, मी नुसती खाली सही केली. आज मी लिहिते.

तुझी,
श्रीमती शालन जोतीराम साळोखे