नानांना बेल ऐकू येते

दि. ३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तुम्हीही सगळे बरे असाल. पत्र बघून हसशील, पण फोनवर तू मला स्पीकरवर टाकून दुसरंच काहीतरी करत बसतोस. बावीस वर्षं मी लोकांच्या कानांना यंत्रं बसवतेय. समोरचा ऐकतोय की नुसता हुंकार भरतोय, एवढं मला कळतं. कागद तरी तुला हातात धरावा लागेल.

तू पाठवलेला टॅब मिळाला. सुंदर आहे. पापडासारखा पातळ, गुलाबीसर रंग, सोबत कसलंसं पेनही आलंय. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, “भाऊ असावा तर असा.” पण माझ्या कामासाठी तो टॅब शून्य आहे.

मी तुला काय लिहिलं होतं? मेसेज अजून तुझ्या फोनमध्ये असेल, काढून बघ. “टॅब हवा, पण त्यावर टेबलावरच्या कॉम्प्युटरची पूर्ण सिस्टीम चालणारा हवा. फोनची नको.” दोन ओळी. त्यांतली दुसरी तू वाचलीच नाहीस. तू वाचलंस “टॅब” आणि धावलास दुकानात. मी फोन केला तर वर मलाच शिकवतोस, “ताई, हल्ली सगळ्याची ॲप असतात गं.” असतात ना! यंत्राच्या कंपनीचं ॲप आहे, मी बघितलंय. त्याने आवाज दोन घरं वर नि दोन घरं खाली होतो, बस. तो रिमोट झाला. मला कानाचा आलेख घालावा लागतो, कुठला सूर किती उचलायचा ते ठरवावं लागतं, यंत्र कानात शिट्टी मारतं का ते तपासावं लागतं. तो प्रोग्रॅम मोठ्या कॉम्प्युटरवरच चढतो, आणि यंत्राशी बोलणारी डबी केबलने त्यालाच जोडावी लागते. तुझ्या टॅबला ती डबी लावली तर त्याने विचारलं, “फोटो कॉपी करायचे आहेत का?”

आता म्हणशील, मग लॅपटॉप घे. अंथरुणावरच्या माणसाजवळ उभं राहून एका हातात स्क्रीन आणि दुसऱ्या हाताने त्याच्या कानामागचं यंत्र सांभाळायचं असतं. त्याला माझं तोंड दिसावं लागतं, कारण तो अर्धं ओठांवरून वाचतो. तिथे लॅपटॉप काय डोक्यावर ठेवू? आणि तुझ्या घरी जो आहे त्यावर तुझी कंपनी साधं कॅल्क्युलेटरही घालू देत नाही, हे तूच सांगितलंस. दवाखान्यातल्या मॅडम डबी आणि प्रोग्रॅमचं लायसन चार दिवस बाहेर न्यायला देतायत. टॅब माझा स्वतःचा हवा, एवढीच त्यांची अट.

हे सगळं कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तू ते सोयीस्करपणे कानामागे टाकतोस. बाप दोघांचा, पण नाना आठ तासांवर तुझ्या घरी आहेत. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते प्रवास करू शकत नाहीत, म्हणून मला तिकडे यायचंय आणि त्यांची यंत्रं नव्याने लावायची आहेत. बावीस तारखेच्या आत. बावीसला त्यांच्या स्मरणशक्तीची पुन्हा तपासणी आहे आणि तिच्यावर ठरणार की त्यांना त्या स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवायचं की नाही. तू फॉर्म आणूनसुद्धा ठेवलायस.

पहिल्या तपासणीचं तू किती थंडपणे सांगितलंस! “डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले, ताई. पाच मिनिटांनी विचारले. नानांना एकही आठवला नाही. नुसते हो-हो करत होते.” अरे शहाण्या, ज्याला तीन शब्द ऐकूच आले नाहीत तो आठवणार काय? नाना चाळीस वर्षं मागांच्या कारखान्यात फिटर होते. शंभर माग धडधडत असताना माणसं ओठांवरून बोलणं उचलायची, आणि नाही कळलं तर हो म्हणून मान हलवायची, कारण तिथे पुन्हा विचारायला सवड नसायची. ती मान अजून तशीच हलते. डॉक्टर कागदात खाली बघून बोलल्या असणार. तू शेजारी बसला होतास. तुला एवढं सांगता आलं नाही?

तुझं एकच पालुपद: “कान ठीक आहेत, दारावरची बेल त्यांना आपल्याआधी ऐकू येते. कुकरची शिट्टी ऐकू येते. बोललेलंच कळत नाही. म्हणजे डोक्यातच गडबड आहे.” बेल ऐकू येते म्हणून डोकं गेलं, असं हे तुझं निदान. उचलली जीभ लावली टाळ्याला.

एकदा, फक्त एकदा, कागदावर लिहून त्यांना काहीतरी विचार. मग मला कळव.

टॅब परत पाठवतेय, पावती आत आहे. माझा मीच शोधते.

तुझी,
ताई


दि. १३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. सहा ओळी, त्यांतल्या तीन टॅब परत पाठवल्याच्या रागाच्या. “एवढ्या प्रेमाने निवडला होता.” तू रंग निवडलास बाबा. प्रेम असतं तर दुसरी ओळ वाचली असतीस.

आणि नानांना लिहून काही विचारलंस का, या प्रश्नाला तू म्हणतोस, “त्याने काय होणार?” तुझ्यापुढे बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आधी टॅबचं सांगते. गेले दहा दिवस संध्याकाळी दवाखाना सुटला की दुकानं पालथी घातली. मॅडमना सांगून डबी आणि केबल संध्याकाळपुरती पर्समध्ये घेऊनच फिरले. पहिल्या दुकानदाराने माझे पांढरे केस बघून मोठी अक्षरं दाखवली. म्हणाला, “काकू, यावर व्हिडिओ इतके छान दिसतात!” मी म्हटलं, “मला व्हिडिओ बघायचे नाहीत, माझा प्रोग्रॅम चढवून दाखवा.” तो म्हणाला, “आधी घ्या, मग घरी चढेल.” मी म्हटलं, “आधी चढू दे, मग घरी जाईल.”

दुसरीकडे एक टॅब मिळाला, त्यावर खरंच पूर्ण सिस्टीम होती. प्रोग्रॅम चढला. मी खूश. डबी लावली तर हाक ना बोंब. दुकानातली बाई हुशार होती, तिने तासभर खटपट केली आणि सरळ सांगितलं, “मॅडम, याची चिप वेगळ्या जातीची आहे. बाहेरून सिस्टीम तीच दिसते, पण तुमच्या डबीला लागतं ते जुन्या पद्धतीचं आहे, ते यावर चालणार नाही. हा घेऊ नका.” स्वतःचा माल घेऊ नका म्हणणारी बाई मला आयुष्यात पहिल्यांदा भेटली. तिनेच मग कागदावर लिहून दिलं: सिस्टीम पूर्ण हवी, चिप नेहमीची हवी, केबलचं मोठं भोक अंगातच हवं, आणि फक्त कंपनीच्या दुकानातलेच प्रोग्रॅम घेण्याचं कुलूप असेल तर ते काढून घ्यायचं. हे तू मला सांगायला हवं होतंस. तुझा पगार कॉम्प्युटरचाच आहे.

शेवटी त्याच बाईकडे एक, कुठल्याशा गोदामात वापरून परत आलेला मिळाला. काळा, जाड, कडांना रबर, मागे हात अडकवायला पट्टा. दिसायला अगदीच गावंढळ. दुकानातच प्रोग्रॅम चढवला, डबी जोडली, पर्समधलं नमुन्याचं यंत्र लावलं, आणि स्क्रीनवर डावा-उजवा कान उमटला. मी तिथेच स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. बाईला वाटलं, मला किंमत जास्त वाटतेय. तिने पाणी दिलं.

रडू का आलं ते आता लिहिते. मागच्या पत्रात लिहायला हवं होतं, पण तुझ्यावर रागावणं सोपं होतं.

नानांना बेल ऐकू येते आणि बोलणं कळत नाही, यात डोक्याचा संबंध नाही. यंत्रं तशीच लावलेली आहेत. मी लावली आहेत.

दोन वर्षांपूर्वी नाना माझ्याकडे आले होते, तेव्हा मी त्यांना ती नवी यंत्रं बसवली. माझ्या हातून इतकं चांगलं काम क्वचितच झालं असेल. खिडकीबाहेर कोण काय बोलतंय तेसुद्धा त्यांना कळायला लागलं. लहान मुलासारखे हसत होते. मग ते तुझ्याकडे परत गेले आणि महिन्याने तपासणीला आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “बाई, जरा कमी कर. इतकं ऐकू यायला नको.”

मी विचारलं, “आवाज टोचतो का?”

म्हणाले, “आवाज नाही टोचत.”

मी खोदून खोदून विचारलं. मग सांगितलं त्यांनी. स्वयंपाकघरात तू आणि तुझी बायको बोलत होतात. नाना भिंतीपलीकडे पलंगावर होते. तू म्हणालास, “अजून किती वर्षं हे असंच चालायचं? सुटत नाहीत आणि सोडतही नाहीत.” ती बिचारी म्हणाली, “हळू बोला.” त्यावर तू म्हणालास, “त्यांना काय ऐकू येतंय!”

नानांनी हे सांगताना तुझ्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. उलट म्हणाले, “तो दमलाय गं. त्याचं बरोबर आहे. पण मला रोज ऐकायचं नाही. बेल तेवढी ऐकू येऊ दे, दार उघडायला उपयोगी पडेन.”

आणि मी कमी केलं. सगळं नाही. माणसाचं बोलणं ज्या सुरांत असतं, नेमके तेवढे सूर मी खाली आणले. बेल आणि शिट्टी तशीच ठेवली. बावीस वर्षांत कुणाचं यंत्र मी मुद्दाम बिघडवलं नव्हतं, ते बापाचं बिघडवलं. त्यांनी मागितलं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले.

पुढच्याच महिन्यात तुझा फोन आला, “ताई, नाना एकदम शांत झालेत. घरात कटकट नाही. तुझ्या यंत्रांनी कमाल केली.” मी काय म्हणाले आठवतं? “अरे, माझं कामच आहे ते.” मला बरं वाटलं होतं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं होतं. त्यानंतर दोनदा तुझ्याकडे येऊन गेले. नाना कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि हो-हो करत होते. मी बघितलं आणि गप्प बसले, कारण बोलले असते तर तुझं ते वाक्यही बाहेर काढावं लागलं असतं. भाऊ तुटेल, अशी भीती वाटली. बापाला तोडून भाऊ राखला मी.

तेव्हा तुझ्यावर जितका राग आहे तितकाच माझ्यावर आहे. पण माझ्यावर आहे म्हणून तुझ्यावरचा एक कणही कमी होत नाही, हे ध्यानात ठेव. तू बोललास ते एका दमल्या दिवशी बोललास असं धरू. पण त्यानंतर दोन वर्षं घरातला माणूस तुझं बोलणं समजत नाही आणि तुला एकदाही वाटत नाही की त्याच्या समोर बसावं, सावकाश बोलावं, चिठ्ठी लिहावी? तुला ते सोयीचं पडलं. आता त्याचाच पुरावा करून त्यांना बाहेर काढायला निघालास.

त्या डॉक्टरांना मी फोन केला. यंत्रांचं खरं काय ते सांगितलं, माझं नाव लावून सांगितलं. म्हणाल्या, “नीट लावून आणा, मी पहिल्यापासून तपासते. पहिला कागद धरणार नाही.”

आणि नानांना मी वेगळं पत्र टाकलं होतं. त्यांनी मागितलं म्हणून कमी केलं होतं, तेव्हा वाढवायचं तर तेही त्यांनाच विचारायला हवं. विचारलं, “पुन्हा सगळं ऐकू येईल. चालेल का?” त्यांचं उत्तर काल आलं. ज्याचं डोकं गेलं म्हणतोस त्याने पाकिटावर माझा पत्ता पिनकोडसकट लिहिलाय. आत दोनच ओळी आहेत. त्या जशाच्या तशा उतरवते:

“वाढव. घरातून जायचंच असेल तर कोण काय म्हणतंय ते ऐकून जाईन. खाली मान हलवत जाणार नाही.”

रविवारी, अठरा तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास मी पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस. घरीच थांब, आणि भावजयीलाही थांबायला सांग. काम तासाभराचं आहे. यंत्रं लावून झाली की मी नानांना विचारेन, “कोणाचा आवाज आधी ऐकायचाय?” ते तुझं नाव घेतील. मला खात्री आहे, तुला नसली तरी.

तेव्हा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बस आणि बोल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. पाच दिवस आहेत तुझ्या हातात, विचार कर. त्या दुपारपासून तुझ्या घरात जे काही बोललं जाईल ते सगळं त्यांना ऐकू येणार आहे, आणि या वेळी त्यांनी कितीही विनवलं तरी मी कमी करणार नाही.

नानांची मुलगी