समोरची भिंत

माय, आज बाहेरची खोली रंगवून झाली. म्हणजे चुनाच मारला, तुझ्यासारखा, नीळ घालून. तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि अकरा वर्षांत या घराला कुंचा लागला नव्हता. रंगवताना मला काहीतरी वाटेल असं मी धरून चालले होते. निदान रडू तरी येईल. काही झालं नाही. कुंचा वर, कुंचा खाली, मध्ये एकदा चहा, परत कुंचा. शेजारीण दारातून डोकावली, "काहून वं, एकटीच करून राहिली?" मी हो म्हटलं आणि ती गेली. आता चुन्याच्या वासात फरशीवर बसून लिहिते आहे, कारण खाट अजून अंगणातच आहे आणि ती आत ओढायचा मला कंटाळा आला आहे.

उद्या मावशी येते आहे, भिवापूरहून. तू होतीस तेव्हा दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारी गावाकडची सगळी मंडळी आपल्याकडेच उतरायची, आणि तुझी ही धाकटी बहीण सगळ्यांच्या आधी दोन दिवस. तू गेलीस त्या वर्षी तिचा फोन आला, "येऊ का वं?" मी म्हटलं, "मावशी, घर रंगवाचं हाय, सारा पसारा पडला हाय. पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षीही तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. ती मैदानावरच्या मंडपात सतरंजीवर झोपायची आणि परत जाताना मिरचीची पिशवी आपल्या दाराशी ठेवून जायची. "नाही वं, तुले पसारा हाय," म्हणत उंबऱ्याबाहेरूनच वळायची. मी तिला आत ये म्हटलं नाही. तिची मिरची मात्र वर्षभर खाल्ली. यंदा तिने विचारलंच नाही. म्हणाली, "मी येऊन राहिली. रंग असो का नसो. गुडघे सांगतात का पुढच्या साली गाडीत चढणं होत नाही."

म्हणून कामाला लागले. तुझंच सगळं केलं, नवीन काही मला सुचत नाही. सदर बाजारातल्या ज्या कापडाच्या दुकानात मी कामाला आहे तिथे थानाचे शेवटचे तुकडे स्वस्तात मिळतात. तीन तुकडे जोडून खिडकीला पडदा केला. जोड दिसतो, पण चुण्या पाडल्या की लपतो, हेही तुझंच. दोन पेट्या एकावर एक ठेवून त्यांवर तुझं हिरवं लुगडं घडी करून घातलं, झाली बैठक. कळीचा चुना काल बादलीत भिजत घातला, तो फसफसून शांत झाल्यावर गाळला, सरस मिसळला म्हणजे कपड्यांना लागायला नको. हाताला खोबरेल चोळलं. चुना कमी पडणार हे आधीच दिसत होतं, तेव्हा दारासमोरच्या भिंतीला दोन हात आणि बाकीच्यांना एकेक. "पाहुणा दारातून पाह्यतो ते समोरची भिंत. बाकीच्या भिंतीले कोण विचारते?" असं तू म्हणायचीस. त्या म्हणण्याचा तेव्हा मला राग यायचा, घरातसुद्धा दिखावा म्हणून.

निळीचं तर तुला आठवत असेलच. मी सातवीत आहे, तू मला बादलीपाशी बसवून चिमूटभर नीळ टाकायला सांगतेस आणि भांडी घासायला नळावर जातेस. मी टाकते, एक हात मारून बघते, ओल्या भिंतीवर निळं काहीच दिसत नाही. म्हणून अजून टाकते. तरी दिसत नाही. मग पुडीच उलटी करते. दुपारी भिंत वाळली तेव्हा तू दारात उभी राहिलीस आणि तुझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "भिंत वाळेपर्यंत दम नाही धरता येत तुले?" पाठीत एक धपाटा. पुन्हा रंगवायला चुना नव्हता आणि आणायची सोय नव्हती. संध्याकाळी मावशी आली, त्या वर्षी बाकीचेही तिच्यासोबतच, आणि सगळे त्या भिंतीकडे बघत उभे. मी पेट्यांमागे लपलेले. मावशीने विचारलं, "हे कोनं केलं वं बाई?" तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मीनंच. यंदा मले आपलाच रंग पाहिजे होता समोर." मग काय, कौतुकच कौतुक. पुढच्या वर्षी चुना कालवलास आणि मला हाक मारलीस, "ये वं, टाक नीळ. तुह्या हातानं टाक." तेव्हापासून आपली भिंत निळीच राहिली. माझी चूक तू घराची रीत करून टाकलीस. याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. तेव्हा कळलं नाही आणि कळलं तेव्हा बोलायची सवय गेली होती.

आता जे सांगायचं आहे ते. बाबा गेले त्या वर्षी तू दसऱ्याआधी त्यांची खाट बाजूला ओढलीस. खाटेच्या उशाशी भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. दरवर्षी तो धुण्याच्या सोड्याने घासून काढायचीस, तसाच त्या वर्षीही काढलास. मी ओरडले होते, राहू दे म्हणून. तू मागे वळलीही नाहीस. "तेलावर चुना बसत नाही. मानूस गेलं म्हणून डाग ठेवाचा काय?" आणि घासत राहिलीस. मला तू दगडासारखी वाटलीस. ते मी तुला तोंडावर बोललेही, आणि तू फक्त बादलीतलं पाणी बदलायला गेलीस.

तू तांदूळ निवडायला बसायचीस ती जागा याच समोरच्या भिंतीशी आहे. पाठ टेकून, डोकं मागे. तिथे वाटीएवढा पिवळट डाग आहे, माय. मावशीला अकरा वर्षं दारातून परत पाठवलं ते त्याच्यापायी. घर रंगवायचं आहे हे खरंच होतं, पण एका खोलीला एक दिवस लागतो, अकरा वर्षं लागत नाहीत. ती आली असती तर तिने पहिल्याच दिवशी पदर खोचून तो घासला असता. तुझीच बहीण ती.

आज मी दोन हात मारले. पहिला वाळला, डाग वर आला. दुसरा वाळला, तरी आला. आजूबाजूला सगळं निळं आणि मधोमध तो. उद्या मावशी दारात उभी राहील, तिला आधी तोच दिसेल, आणि ती म्हणेल, "हे कसं राह्यलं वं?" चुना बसला नाही, असं मी म्हणेन. मग तिला आत घेईन, त्याच जागी पाट मांडेन, टेकून बस म्हणेन. तिचंही डोकं तेलाने चपचपलेलं असतं.

फळ्यांवर नवीन पेपर अंथरायचे राहिलेत. हा कागद त्यांच्याखाली घालून टाकते, पाठवायला पत्ता कुठे आहे. रंगाच्या दुकानदाराने सोडा आठवणीने दिला होता. पुडी खिडकीत ठेवली आहे. ती मी फोडलीच नाही.