डब्यांवरचं इंग्रजी

२ मार्च १९८६, रविवार
ठरलं. मे महिन्यात महिला कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसायचं. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी असते. मराठी आणि गणित सोपं. इंग्रजीत मात्र अवघड शब्दांचे अर्थ विचारतात. मी सातवी शिकले, पण पेपर रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. इंग्रजी मेपर्यंत होईल.
हे नेहमी म्हणायचे, वनमाला, तू परीक्षेला बस, मी रजा टाकून गेटवर थांबतो. आता हेच नाहीत. रजेचा प्रश्न मिटला.

९ मार्च
डिक्शनरी उघडली की डोळा लागतो. दोष बल्बचा.
नवी पद्धत काढली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर एक शब्द. डबा काढताना वाचायचा, पाठ होतो. जयंतीच्या नेलपॉलिशने लिहिले. काबुली चण्यांवर ऑब्स्टिनेट, म्हणजे हट्टी, कारण कितीही भिजवा, शिजत नाहीत. साखरेवर अमिएबल, गोड स्वभावाचा. बडीशेपेवर ट्रँक्विल, शांत. चहावर इनडिस्पेन्सेबल, ज्याच्यावाचून चालत नाही. जयंती ऑफिसमधून आली, बाटली हलवून बघितली आणि म्हणाली, आई, परीक्षा तुझी, नखं माझी का भरडतेस. पोटच्या पोरीलासुद्धा अभ्यासाचा मत्सर.
ह्यांच्या कॉफीच्या डब्यावर काही लिहिलं नाही. तो उघडायचाच नाही, तर शब्द कशाला वाया घालवा. झाकण घट्ट बसलंय.

२३ मार्च
प्रगती झकास. सकाळी जयंतीला म्हटलं, अमिएबल दे. तिने बरोबर साखर दिली. म्हणजे पद्धत घरभर पोचली.
शेजारच्या तेरेसाबरोबर बोलायचा सराव सुरू. ती गावठाणातली, घरात मराठी, शाळा इंग्रजी. तिला म्हटलं, युवर हजबंड इज इनडिस्पेन्सेबल. ती म्हणाली, कॉस्मस? जाऊ दे गं, तो गावाला गेला की घर साफ राहतं. मग म्हणाली, वनमाला, असं कोण बोलत नाय. बोलत नसतील. परीक्षेत लिहितात.

१३ एप्रिल
या आठवड्यात डिक्शनरीला हात लागला नाही. पण दोन वेळचा स्वयंपाक केला, म्हणजे उजळणी झालीच.

२७ एप्रिल
घात.
नलिनी वन्सं कणकवलीहून आल्यात, वर्षाचा मसाला करायला. मी मिरच्या कुटून आणायला डंकावर गेले, तेवढ्यात त्यांनी सगळे डबे रिकामे करून घासले, उन्हात वाळवले आणि हाताला येईल तो डबा भरला. म्हणाल्या, वैनी, डब्यार ह्या काय लिवलंस, हात मोडले तरी जाणा नाय. शब्द जागेवर, सामान फिरलं. मसाला आता ट्रँक्विलमध्ये. चहा अमिएबलमध्ये. चणे तेवढे आपल्या डब्यात परत गेले.
कॉफीचा डबा होता तिथेच होता. वन्संनी त्याला हात लावला नव्हता. त्यांचाही भाऊ होता.
हरकत नाही. दोनदा पाठ केलेलं जास्त पक्कं होतं.

११ मे
परीक्षा. सेंटर अंधेरीला.
पेपर अपेक्षेप्रमाणे, जरासा वेगळा. ट्रँक्विलचा मराठीत अर्थ विचारला होता. आधी बडीशेप आठवली, मग वन्संचा मसाला. ताजं तेच खरं, म्हणून झणझणीत असं लिहिलं. ऑब्स्टिनेट वाक्यात वापरायचा होता. तो तर माझाच शब्द. इंग्रजीत लिहिलं की ऑब्स्टिनेट रात्रभर भिजत घालावा आणि शिजवताना चिमूटभर सोडा टाकावा. व्याकरण बिनचूक.
सुटल्यावर गेटकडे बघितलं, सवयीने. सवय कसली, पहिलीच परीक्षा.
गेटवर छत्री घेऊन तेरेसा उभी. म्हणाली, अंधेरीला मासळी घ्यायला आलेली. पिशवी रिकामी होती. मी विचारलं नाही.

१२ मे
तेरेसाला माझं वाक्य सांगितलं. ती पायरीवर बसली आणि पदर तोंडात धरून हसली. म्हणाली, पेपर तपासणारीला निदान कृती तरी मिळाली. तिचं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे.
पास झाल्यावर कॉलेजला कुठली साडी, ते ठरवलं. मोरपंखी. ह्यांनी आणलेली.

१६ जून
निकाल. मराठी पास, गणित पास. इंग्रजीत गेले.
जयंती म्हणाली, परत बस ना, नेलपॉलिश नवीन आणते. तेरेसा म्हणाली, वाट लागली तर लागली, चहा टाक गं. अमिएबल उघडला. चहा संपलेला.
मग कॉफीचा डबा काढला. जयंती बघत राहिली. झाकण एका हाताने निघालं.
आत दगड. चमचा वाकला, कॉफी हलली नाही. वास मात्र आला.  मग तिघी पाणीच प्यायलो.
बाटलीच्या तळाशी थोडं नेलपॉलिश होतं. त्या डब्यावर ऑब्स्टिनेट लिहिलं.
चण्यांसाठी आता दुसरा शब्द बघायला हवा.