पंचांगातलं मिरचीचं पान

बुधवार, संध्याकाळ

प्रयोगशाळेतून आले ती थेट बाबांचं जुनं पंचांग काढून बसले. त्यात मिरचीचं मुरडलेलं पान अजून आहे. कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या घरी, गच्चीवरच्या कुंडीतून ते तोडून बाबा म्हणाले होते, "मीनू, टोमॅटोचा रोग मिरचीने उचलला बघ." मी नुकतीच एम.एस्सी. झालेली, ऐटीत म्हटलं, "बाबा, ऐसा थोड़ी होता है!" त्यांनी पान मात्र जपलं.

आज निकाल आला. टोमॅटोच्या एकाच झाडात दोन विषाणूंनी आपापल्या जनुकांचे तुकडे बदलून घेतले, आणि नवा जो झाला तो मिरचीतही रुजला.

बाबांचं पान तपासावं? पण त्यासाठी ते कुटावं लागेल. मग बाबांचं माझ्याकडे उरेल काय?

पंचांग मिटलं. होतं हो बाबा, असं होतं.