तळ्याचा खार उतरला

३ मार्च
पोहोचलो एकदाचे. चार दिवस उंटावर बसून माझी बसायची जागा उरली नाही, पण माझी बायको वनीसा वाटभर मला हसत होती. वाळूच्या डोंगरांत हे खारं तळं, काठाला खजूर. काठावर बारीक माश्यांचा काळा पट्टा. पाय टाकला की फाटतो, उचलला की मिटतो. बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून फडक्याने माश्यांच्या अळ्या गाळतात, खजुरात कुटून वड्या वाळवतात. चव वाईट नाही. पुरुष मात्र या तळ्यात पाय घालत नाहीत.

मी किनाऱ्यावरच्या झ्लीतन शहरातून आलोय तो गोड्या पाण्याची विहीर खणायला. हाज्जा तिब्रा म्हणून एक म्हातारी रोज सकाळी तळं चाखते, थुंकते आणि उतरायचं की नाही ते बायकांना सांगते. मला हसू आवरेना. त्यासाठी माझ्याकडे काचेची नळी आहे. पाणी जितकं खारं तितकी ती वर तरंगते.

१९ मार्च
पाणी लागलं! इतक्या जोराने, की पाइप उडाला. मी कपड्यांसकट नाचलो. जास्तीचं पाणी चर खणून तळ्यात सोडलं. हाज्जा म्हणाली, ते वाळूकडे वळव. "खार आहे म्हणून तिथे नुसत्या माश्या जगतात, मिलाद. चावणाऱ्यांना तो सोसत नाही." मी म्हटलं, एवढ्या तळ्याला लोटाभर पाण्याने काय होतंय? शिवाय नवा चर म्हणजे आठ दिवसांचं काम.

११ एप्रिल
नळी तीन रेघा खाली बसली. अळ्या मात्र चांगल्या गुबगुबीत झाल्यात, बायका खूश आहेत. चराच्या तोंडाशी बोटाएवढे काळे किडे दिसले, ते पूर्वी नव्हते.

हाज्जा तापाने पडली आहे. तोंड आलंय, जिभेला चव नाही. तिने मला बोलावून नळी काय म्हणते ते विचारलं. गुरुवारी साहेब विहीर बघायला येणार, त्याआधी कटकट नको होती. म्हणालो, पहिल्यासारखाच आहे खार. मग ती निवांत झोपली.

वनीसाही आता बायकांबरोबर उतरणार आहे.

१४ एप्रिल, सकाळ
चरापाशी एक बकरी सापडली. गुडघ्यांखाली नुसती हाडं, आणि ती उभी होती. ओरडत होती. फावड्याने मारून पुरली. कोणी विचारलंच तर कोल्हा म्हणेन.

वनीसाला थांबवायला घरी गेलो. ती केव्हाच गेली होती.

१४ एप्रिल, रात्र
नऊ उतरल्या. सात बाहेर आल्या. पुरुष काठावर उभे राहून ओरडत राहिले, एकानेही पाय घातला नाही. मी घातला. पाणी लाल होतं. वनीसाच्या मांड्यांतून किडे उपटून काढले, एकाने माझं नख नेलं. काठावर आलो तेव्हा मेलेल्या एकीच्या भावाने फावड्याच्या दांड्याने माझा डावा हात मोडला. बरं केलं.

चर त्यांनी वाळूकडे वळवला. अर्ध्या दिवसात.

१५ एप्रिल
हाज्जाने वनीसाच्या जखमांत मीठ भरलं. किड्यांनी मांसात अंडी घातलीत म्हणते. तीन दिवस मीठ हलवायचं नाही, गोड्या पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. दोघांनी वनीसाला धरून ठेवलं. तिचं ओरडणं—

१७ एप्रिल
आवाज बसला तिचा. नुसती ओठांनी मागते. एक वाटी पाणी, मिलाद, पायांवर. एकच दिवस राहिला आहे. पण मला बघवेना—

धुतलं. एकच वाटी. लगेच झोप लागली तिला. आज पहिल्यांदा.

हाज्जाने दाराबाहेरून विचारलं, मीठ आहे ना? मी म्हणालो, पहिल्यासारखंच.

१७, ऊन उतरताना
गुडघ्याजवळ कातडी— नाही, उजेड असेल. पडदा ओढला. तरी हलतेय. एक नाही. वर सरकतायत, पोटाकडे—

मिठाची पिशवी रिकामी. हाज्जाला हाक मारायला हवी. काय सांगू तिला—

वनीसा झोपेत हसतेय. म्हणते, मिलाद, पुरे ना, गुदगु