दिपिकाचं लग्न कुणी लावलं

विचुंबे, ५ जानेवारी २०२५

ती. स्व. वेणूमावशीस,
भाविकाचा शि. सा. नमस्कार.

फोन मुद्दाम करत नाही. तुझी सून तो स्पीकरवर लावते आणि अर्धं ओवे गाव ऐकतं. स्वतः यावं तर वाट हरेशदादाच्या अंगणातून. म्हणून पत्र.

आमच्या लॉ कॉलेजचा नियम आहे, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाहेरच्या संस्थेबरोबर करायचा, म्हणजे तो कुणाच्या तरी कामी येतो. मला पनवेलचं महिला कायदा सल्ला केंद्र मिळालं. तिथे सुमतीताई वकील आहेत, आणि त्यांच्याकडे आलेली पहिलीच बाई निघाली तुमच्या गल्लीतली दिपिका. नवरा धनेश गेल्यावर तिने वारस म्हणून दावा लावला, तर थोरला दीर हरेशदादा कोर्टात सांगतो की त्यांचं लग्नच झालं नव्हतं, ती नुसती घरात राहत होती. नोंदणी नाही, भटजी नव्हता, फोटो होते तो मोबाइल खाडीत गेला. सरकारने जमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडातला वाटाही जाईल आणि राहती खोलीही.

मावशी, ते लग्न धवलारीण म्हणून तू लावलंस, लग्नाचे धवले गाऊन. दिवाळीत तू सांगितलेलं सगळं मी प्रकल्पात लिहिलं आहे. मसुदा सोबत आहे, वाच. आणि साक्षीला येशील का, ते कळव.

आई म्हणते कंबर शेकत जा. माया आहेच, ती राहू दे.

तुझी
भाविका

ओवे, ९ जानेवारी

चि. भाविकास मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा कागद चष्मा लावून वाचला. आगं बये, चौथ्या पानावर काय लिवलंस? कोणताही विधी झाला नाही, बायकांनी फक्त पारंपरिक गाणी म्हटली! हे हरेशच्या वकिलानं लिवायचं, तू नाय. हळद चढते ती धवल्यानं, बाशिंग बांधतात ते धवल्यानं, आन लगीन लागतं ते बी धवल्यानंच. आमच्यात भटजी आता आता यायला लागला. तुझ्या आईबापाचं लगीन आमच्या आयेनं लावलं, तवा भटजी कुठं होता? मग तू काय गान्यांची पोर हायेस?

साक्षीचं मात्र इचारू नको. मांडवातलं मांडवात ठेवायचं, ही आयेची शिकवन. धवलारीन घरोघरचं बघते. ती कोर्टात जाऊन बोलाया लागली तर तिला दारात कोन उभं करील? फाल्गुनात हरेशच्या अंकिताचं लगीन हाय, मलाच सांगितलंय. पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढली, भाविके. तिला हळद मला लावायची हाय.

रागावू नको. आईला सांग, शेकते.

तुझी मावशी
वेणू

विचुंबे, १४ जानेवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. नमस्कार. तिळगूळ घे, आणि आता तरी गोड बोल.

रागावू कशी? मलाच लाज वाटली. ज्यांची जी रीत, त्या रीतीने लागलेलं लग्न कायद्याला चालतं, हे कलम मी पाच वर्षं घोकलं, आणि आपल्याच घरची रीत समोर आली तर तिला गाणी म्हणून मोकळी झाले! मसुदा सुमतीताईंच्या टेबलावर पोचला होता. धावत जाऊन परत आणला. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की कागद सुधारशील, पण कोर्टाला ही रीत सांगणार कोण?

आमचे सर म्हणतात, साक्षीदार नसला तरी प्रकल्पाला गुण मिळतील. मिळतील ना, पण दिपिकाचं काय? ती उलव्याला एका बिल्डरच्या ऑफिसात झाडलोट करते. तिला तुझं पत्र सांगितलं, तर म्हणाली की वेणूमावशीवर जोर करू नको, तिला त्याच गल्लीत राहायचंय. मग मीही करत नाही. तारीख चार फेब्रुवारी.

तुझी
भाविका

विचुंबे, ६ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
या वेळी खरंच पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

त्या दिवशी माझा पेपर होता, आणि तू कोर्टात आल्याचं सुमतीताईंकडून कळलं. एका शब्दाने सांगितलं नाहीस! हळदीपासून वरातीपर्यंत कधी काय झालं आणि कुठला धवला कुठे म्हटला, ते तू न अडखळता सांगितलंस म्हणे. हरेशदादाच्या वकिलाने विचारलं की दिपिकाने तुला काय कबूल केलंय. तू म्हणालीस, "तिनं तर माझ्यावर जोर करू नको म्हनून सांगितलं व्हतं." निकाल यायचाय, पण तोवर तिला खोलीतून काढायला कोर्टाने मनाई केली आहे.

मावशी, तुझं काय झालं ते मात्र लिही. आई काळजीत आहे.

तुझी
भाविका

ओवे, ८ मार्च

चि. भाविकास आशीर्वाद.

लिवायला हात होत नव्हता. कोर्टाच्या दुसऱ्याच दिवशी हरेशचा निरोप आला, लग्नाला येऊ नको. गल्लीतली बाकीची घरं बी आता दुसऱ्या बाईला बोलावतात. खोटं कशाला बोलू, लय रडले.

काल अंकिताचं लगीन झालं. हरेशनं ना धवलारीन बोलावली, ना कुना म्हातारीला धवला म्हनू दिला. भटजी आनला, डीजे आनला. माझ्या भांड्यांना कापरं भरलं एवढा आवाज. मी दार लोटलं, पाट मांडला आन अंकिताचं नाव घेऊन हळदीपासून सगळे धवले म्हटले, एक बी सोडला नाय. सून चिडली, की ज्यांनी हाकललं त्यांच्यासाठी घसा कशाला कोरडा करता. मी म्हटलं, त्यांच्यासाठी नाय. उद्या अंकितावर बी अशीच पाळी आली, तर तिचं लगीन लागलंय म्हनून सांगायला कोनीतरी नको का?

आईला काळजी करू नको म्हनावं. तू परीक्षा झाली की ये, हरेशच्या अंगनातूनच ये.

तुझी मावशी
वेणू