डबा रिकामा जात नाही

तासगाव, मंगळवार, संध्याकाळ

काल इंग्रजीच्या क्लासात मॅडमनी माझा लाडवांचा डबा धुऊन रिकामाच परत दिला. तेव्हापासून तेच डोक्यात. निदान चिमूटभर साखर तरी घालावी की नाही? का मीच कोत्या मनाची?

आज त्यांनी रिकाम्याचे इंग्रजी शब्द शिकवले. कागद ब्लँक, सीट व्हेकंट, डबा एम्प्टी. मग म्हणाल्या, "मावशी, एम्प्टीचं वाक्य करा."

मी उठले. "इन अवर हाउस, डबा नेव्हर गोज बॅक एम्प्टी."

अख्खं वाक्य, न अडखळता.

मॅडम लय हसल्या. माझ्या पिशवीतला तोच डबा मागून घेतला. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यात खडू घातला.

उद्या त्याच खडूनं फळ्यावर मी लिहिणार.